पाखरं मोजायला बर्फात

डिसेंबरातली पहाट. चापडगावच्या बांधावर मफलर गुंडाळून उभा होतो. दुर्बिणीच्या भिंगावर सारखी वाफ धरत होती आणि समोर नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात टिलवे, म्हणजे चिमुकली पाणपाखरं, लगबगीनं टोचे मारत होते. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. "सर, आज आमच्याकडे उणे एक. ऊन पडलंय, सगळे जॅकेट काढून बसलेत."

त्याच रात्री निफाडचा पारा सहाच्या खाली उतरला होता. मेसेज पाठवणारीचे वडील, अप्पा, रात्री दोनपासून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत हिंडत होते. ह्या दिवसांत मणी तडकले की वर्षाची कमाई गेली. म्हणजे लेक अंटार्क्टिकात उन्हं खातेय आणि बाप निफाडात काकडतोय. फोन करून त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग म्हणावं थोडं ऊन धाड इकडं पार्सलनं."

मी चौतीस वर्षं नाशकात प्राणिशास्त्र शिकवलं. बर्फ पाहिला तो एकदा मनालीला, तोही घाणेरडा. ध्रुवांशी माझा संबंध एवढाच, की माझी एक विद्यार्थिनी तिकडे पाखरं मोजायला जाते.

ती दुसऱ्या वर्षाला असताना पहिल्यांदा माझ्याबरोबर नांदूरला आली. थवा मोजायची आमची रीत साधी आहे. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे. ते दहा नजरेत किती जागा अडवतात ते पक्कं करायचं, आणि मग तेवढाच तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचा. बहुतेक पोरांना हे जमायला दोन हिवाळे लागतात. हिला तासाभरात जमलं. मी विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्याकडे व्यापारी बाग बघायला येतात ना, ते असंच करतात. चार वेलींचे घड मोजायचे, मग बांधावरून नुसती नजर फिरवायची आणि टनांचा आकडा सांगायचा. अप्पा मागून पुन्हा मोजतात. व्यापारी नेहमी कमीच सांगतो." तेव्हाच मला वाटलं होतं, ही पोरगी ह्या धंद्यात टिकेल.

धंदा म्हटलं खरं, पण ह्यात पैसा नाही. एमएस्सीनंतर तिची वर्षं प्रकल्पांवर गेली. प्रकल्प आहे तोवर पगार, प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. एका ठिकाणी तिची फेलोशिप पाच महिने अडकली, कारण कुणा साहेबाची सही राहिली होती. घरी स्थळं येत होती. मुलाकडचे विचारायचे, "पाखरं मोजायला बर्फात? आणि तिथून परत कधी येणार?" अप्पा सांगायचे, "प्रकल्प संपला की." हे उत्तर ऐकून स्थळ पुन्हा फिरकत नसे. आईचा प्रश्न वेगळा होता, "बायामाणसं जातात का गं तिकडं?" मग मी त्यांना अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता यांची गोष्ट सांगितली. १९८३ साली भारताच्या तिसऱ्या मोहिमेबरोबर ह्या दोघी गेल्या होत्या, एक समुद्रशास्त्रज्ञ, दुसरी भूशास्त्रज्ञ. पंत हे आडनाव ऐकल्यावर आईंना जरा धीर आला. आपल्यातलीच कुणी तरी आधी जाऊन आलीय म्हटल्यावर अंटार्क्टिका फार तर नागपूरएवढं लांब वाटायला लागतं.

आधी ती उत्तरेला गेली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंड गावात २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे. तिथून उत्तर ध्रुव जेमतेम बाराशे किलोमीटर. उन्हाळ्यात तिथे बार्नेकल हंस गावातल्या रस्त्यावरून आपल्या कोंबड्यांसारखे फिरतात, आणि आर्क्टिक कुररी घरट्याजवळून जाणाऱ्याच्या टाळूवर चोच हाणते. ती सगळ्यात उंच भागावर मारते, म्हणून लोक डोक्यावर काठी धरून चालतात. मुठीएवढ्या अंगाचं हे पाखरू वर्षात दोन्ही ध्रुवांकडचे उन्हाळे गाठतं. ग्रीनलंडच्या कुररींच्या पायांना दीड ग्रॅमहून हलकी यंत्रं बांधून २०१० साली हिशेब छापला गेला, तो वर्षाला सरासरी ७१ हजार किलोमीटरच्या आसपास भरला. गावाची हद्द ओलांडायची तर पांढऱ्या अस्वलांमुळे बंदूक लागते, म्हणून तिला आधी नेमबाजी शिकावी लागली. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी अप्पांच्या ओसरीवरच बसलो होतो. ते म्हणाले, "तिकडं अस्वलासाठी बंदूक देतात. आमच्या उसात बिबट्या पिलं घालतो, आम्हाला वनखातं म्हणतं मोबाइलवर गाणी लावून चला."

मग दक्षिण. दिल्लीला एम्समध्ये तपासण्या, औलीला बर्फात चालायचा सराव, केपटाऊनहून पुढे. भारताचं तिथलं पहिलं ठाणं 'दक्षिण गंगोत्री'. नाशिककराला हे नाव ऐकून ब्रह्मगिरीच आठवणार, कारण आमची दक्षिणगंगा तिथे उगम पावते. ते ठाणं पुढे बर्फात गाडलं गेलं. १९८९ पासून 'मैत्री' आहे, पण ती समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, तिथे पेंग्विन वाट चुकून आला तरच. स्कुआ आणि स्नो पेट्रेल हे समुद्रपक्षी मात्र खडकांत घरटी करतात. 'भारती' २०१२ ची, लार्समन टेकड्यांवर, थेट किनाऱ्याशी. वेडेल सील, आसपासच्या बेटांवर ॲडेली पेंग्विन, जवळच्याच एका खाडीत सम्राट पेंग्विन. प्राणिशास्त्रवाल्यानं तिथेच जावं.

निघायच्या आधी दिवाळीत ती घरी आली होती. ओसरीवर बसून, सेफ्टी पिन घेऊन, पाठपिशवीच्या वेल्क्रोतली कुसळं काढत होती. एकेक कुसळ काढायची, उजेडात धरायची आणि वाटीत टाकायची. मग खिसे उलटे केले, शिवणीतली माती टूथब्रशानं झाडली, बुटांच्या तळातले खडे टोकरले. तासाभरानं वाटीच्या तळाशी चिमूटभर कुसळं, दोन गाजरगवताच्या बिया आणि एक अख्खा तीळ जमला. आई म्हणाल्या, "एवढ्याशा तिळानं काय व्हणार तिकडं?" तर होतं. किंग जॉर्ज बेटावर आपल्या लॉनवर उगवतं तसलं एक साधं गवत माणसांच्या सामानाबरोबर गेलं आणि रुजलं, ते आता उपटून काढावं लागतंय. तीळ काही तिथे उगवायचा नाही, पण ती म्हणाली, "कुठला उगवेल आणि कुठला नाही हे मी कशाला ठरवू? सगळंच काढायचं." वाटी तिनं चुलीत ओतली.

आता थोडं मागे जातो, कारण हा किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगायचो आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

प्राणिशास्त्र शिकलेल्या कुणालाही कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या आठवत असतील. ३३ तास, ४८ तास, ७२ तास. आम्ही हॅचरीतून अंडी आणायचो, कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचो, आणि पिवळ्या बलकावर ते लाल धडधडणारं टिंब दिसलं की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. एक अंडं फुटलं तर दुसरं घ्यायचं, ट्रे भरलेला असायचा. तर ह्याच प्रयोगासाठी १९११ सालच्या ऐन अंटार्क्टिक हिवाळ्यात तीन माणसं चालत निघाली. एडवर्ड विल्सन हा डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ, बरोबर बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड. तेव्हा असा समज होता की गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांची पायरी न् पायरी पुन्हा चढतो, आणि सम्राट पेंग्विन हा फार आदिम पक्षी आहे. म्हणजे त्याचा कोवळा गर्भ मिळाला की पक्षी सरपटणाऱ्यांपासून कसे झाले ते उलगडेल. अडचण अशी की हा पक्षी अंडं घालतो हिवाळ्यात. मादी अंडं देऊन समुद्रावर जाते आणि नर ते पायांवर धरून दोनेक महिने उपाशी उभा राहतो. म्हणून ध्रुवीय रात्रीत, सूर्य नसताना, उणे साठ अंशांपर्यंतच्या थंडीत हे तिघे पाच आठवडे स्लेज ओढत होते. वाऱ्यानं तंबू उडाला, नशिबानं परत सापडला. अंडी मिळाली पाच. दोन वाटेत फुटली. तीन आली.

विल्सन आणि बॉवर्स पुढच्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना मोहिमेचा म्होरक्या स्कॉट याच्याबरोबर मेले. अंडी लंडनच्या संग्रहालयात पोहोचवली ती तिसऱ्यानं. त्यांवरचा शेवटचा अहवाल १९३४ साली आला, तोवर तो पूर्वजांच्या पायऱ्यांचा सिद्धांतच मोडीत निघाला होता. अंड्यांनी फारसं काही सांगितलं नाही.

इथे वर्गात नेहमी कुणीतरी विचारायचं, "मग सर, फुकट गेलं ना सगळं?" मी पहिली काही वर्षं 'विज्ञानात काहीच फुकट जात नाही' छापाचं उत्तर द्यायचो. नंतर सोडून दिलं. त्या तीन अंड्यांपुरतं तरी फुकटच गेलं म्हणायचं. पण मोजण्याचं तसं नाही, असं मला वाटतं. आणि ते कसं, हे मला पेंग्विननं नाही, दुतोंड्या मारुतीनं शिकवलं.

नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. रामकुंडाजवळ गोदापात्रात ही दोन तोंडांची मूर्ती उभी आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते पेपरात येतं, पण आम्ही नाशिककर एकमेकांना विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. छातीला म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. मूर्ती काही करत नाही. एका जागी उभी असते, आणि म्हणूनच १९६९ चा पूर, २००८ चा पूर आणि परवाचा पूर एकाच मापानं बोलता येतात. ती दर वर्षी थोडी सरकवली असती तर काहीच कळलं नसतं.

ध्रुवांवरचं प्राणिशास्त्र आता बरंचसं असं आहे. धाडस कमी, उभं राहणं जास्त. अलास्काच्या उत्तरेला कूपर बेट नावाचा वाळूचा पट्टा आहे. तिथे जॉर्ज डिवोकी हा माणूस १९७५ पासून दर उन्हाळ्यात एकाच पक्ष्याची, ब्लॅक गिलेमॉटची, घरटी मोजत आलाय. नौदलानं टाकून दिलेल्या लाकडी पेट्यांच्या आडोशाला ते घरटी करायचे. बर्फ किनाऱ्यापासून लांब जायला लागला तसा पक्ष्यांना मासा मिळेना, आणि बर्फावरची अस्वलं बेटावर येऊन पिलं खायला लागली. मग त्यानं लाकडी पेट्या काढून जाड प्लॅस्टिकच्या ठेवल्या. तो हवामानबदल शोधायला गेला नव्हता. पक्षी मोजायला गेला होता. मोजता मोजता बर्फ सरकलेला दिसला, कारण हा सरकला नव्हता.

ह्यात मोजणाऱ्याचे दोषही येतात, आणि ते सांगायला हवेत. पेंग्विन ओळखता यावेत म्हणून कित्येक दशकं त्यांच्या पंखाला धातूची पट्टी बांधत. किंग पेंग्विनांवरचा दहा वर्षांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्टीवाल्यांचं जगण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आणि त्यांना पिलं ३९ टक्क्यांनी कमी. पोहताना पट्टीचा अडथळा होतो, बस, एवढंच. म्हणजे इतकी वर्षं आपण पेंग्विनला मोजत होतो की आपल्या पट्टीला? तिनं हा निबंध मला पाठवला तेव्हा सोबत एकच ओळ लिहिली होती: "सर, आपण टिलव्यांना कडी घालत नाही ते बरंय."

अप्पांना मात्र ह्या सगळ्यातली एकच गोष्ट मनापासून पटली. १९६६ साली एक शोध छापून आला, की ॲडेली पेंग्विनच्या चरबीत डीडीटी सापडलं. जिथे डास नाहीत, शेत नाही, पंप घेतलेला माणूस नाही, तिथे डीडीटी. आपल्याच शेतांत मारलेलं, वाऱ्यानं, पाण्यानं आणि माशांमार्फत तिथे गेलेलं. मालात फवाऱ्याचा अंश किती उरला त्याचा रिपोर्ट बघणाऱ्या निर्यातीच्या द्राक्षवाल्याला ह्यावर जास्त समजावून सांगावं लागत नाही. अप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पेंग्विनचा पण रेसिड्यू रिपोर्ट निघाला म्हणायचा. आणि फेल."

पेंग्विनच्या वसाहतीचा वास कसा असतो, असंही त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "आपण कोंबडीखताची ट्रॉली पावसात उघडी ठेवली होती ना, तसा. पण गुलाबी." क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवले समुद्री जीव, खाल्ल्यामुळे विष्ठेला तो रंग येतो. सम्राट पेंग्विनांच्या वसाहतींचे डाग बर्फावर उपग्रहातून दिसतात. २०१२ साली असे फोटो लावून ४६ वसाहती आणि सुमारे ५ लाख ९५ हजार पक्षी मोजले गेले. डाग दिसतो तसा नाहीसा झालेलाही दिसतो. हॅली बे नावाच्या मोठ्या वसाहतीखालचा समुद्री बर्फ २०१६ साली वेळेआधी फुटला. पिलांच्या अंगावर पोहायची पिसं आलेली नव्हती.

ती तिकडे आणि मी इकडे चापडगावला. पण खरं तर आम्ही एकाच खळ्याचे दोन कोपरे झाडतोय. छोटा टिलवा पंचवीस-तीस ग्रॅमचा, म्हणजे पाच-सहा द्राक्षमण्यांएवढा. तो अंडी घालतो स्कँडिनेव्हियाच्या टोकापासून सैबेरियापर्यंतच्या टुंड्रावर, आणि ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत आमच्या गाळात किडे खातो. दोन-अडीच महिने तिकडे, बाकीचे इकडे आणि वाटेत. तरी आम्ही त्याला पाहुणा म्हणतो! आईंचं मत असं, की जिथे बाळंतपण होतं ते माहेर, सबब टुंड्रा हे त्याचं माहेर आणि निफाड तालुका सासर. राबायला इकडेच येतो म्हटल्यावर हे पटण्यासारखंच आहे.

सैबेरियात लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. तीन-चार वर्षांनी त्यांचं उदंड पीक येतं, मग एकदम ओसरतं. पीक असतं तेव्हा कोल्हे तेच खातात आणि पाखरांची पिलं वाचतात. ओसरलं की कोल्हे पिलांवर तुटून पडतात. हे कळलं कसं, तर हजारो मैल दूर, हिवाळी पाणथळींवर मोजणाऱ्यांना ब्रेंट हंसांच्या आणि कर्लू सँडपायपरच्या थव्यांत काही वर्षी तरुण पक्षी भरपूर दिसायचे आणि काही वर्षी औषधालाही नसायचे. सैबेरियातल्या कोल्ह्याचं पोट कशानं भरलं ते दुसऱ्या खंडातल्या चिखलावरून वाचता आलं. माझे आकडे इतके बोलके नाहीत. पण ते १९८९ पासूनचे आहेत, आणि बांध तोच आहे.

आहेत म्हणतो, होते म्हणायला हवं. वह्या आमच्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरी आत आली. मी मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते लोकांना फोनवर सांगत बसलो होतो, आणि ट्रंक वर घ्यायचं साफ विसरलो. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा शाईच्या वह्यांचा निळसर लगदा झाला होता. पेन्सिलीच्या दोन तेवढ्या वाचता आल्या. चूक माझीच. आयुष्यभर पोरांना सांगितलं, फील्डवर पेन्सिल वापरा, आणि स्वतः घरी येऊन झोकात पेनानं उतरवून काढायचो.

तिला कळवलं. तिनं तासाभरात एक एक्सेल फाइल पाठवली. तिसऱ्या वर्षाला असताना मी वह्या तिला वाचायला दिल्या होत्या, तेव्हा तिनं सगळे आकडे उतरवून ठेवले होते. तारीख, वेळ, वारा, पाणी किती, टिलवे किती. मी कंसात लिहिलेलं 'डोकं दुखतंय, आकडा कच्चा' हेसुद्धा. का उतरवले होते, विचारलं. "टायपिंगची सवय होते म्हणून."

ह्या मार्चअखेर ती परतली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही नांदूरला गेलो. टिलव्यांच्या पाठीवर विटकरी रंग चढायला लागला होता, जायची वेळ आली होती. मला ३१०, तिला २८७. पुन्हा मोजले. २९४, २९०. दोन्ही लिहिले.

परतताना तिच्या घरी थांबलो. बाग उतरली होती, खरड छाटणी चालू होती. जेवण झाल्यावर अप्पा आत गेले आणि जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन आले. डिसेंबर-जानेवारीच्या पानांवर, प्रत्येक तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीनं बारीक आकडा. ७. ६॥. ९. ५. बागेत टांगलेल्या तापमापकाचे, पहाटे पाचचे.

"अप्पा, हे कधीपासून?"

"लावणीपासून. बागेला काय झालं ते नंतर कळाया नको?"

ती जमिनीवर बसली, पानं सरळ करून एकेकाचा फोटो काढायला लागली. मध्येच थांबली. "तीन वर्षं नाहीत ह्यात."

अप्पांनी मान आतल्या दाराकडे वळवली. "फडताळात असतील. तुझी आई अंथरती डब्यांखाली."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि एकेक डबा खाली उतरवायला लागली.